गति बदलणारा पंप : कोणीं घ्यावा व कसा वागवावा

अलीकडे पंपाच्या दुकानीं गेलेल्या शेतकऱ्यास एक नवी वस्तु मोठ्या आग्रहानें दाखविण्यांत येते. ती म्हणजे मोटारीची गति हवी तशी कमीजास्त करणारी पेटी. तिला व्यवहारांत व्हीएफडी किंवा नुसतें ‘ड्राइव्ह’ असें म्हणतात, व ती ज्यास जोडली तो गति बदलणारा पंप होय. विक्रेता सांगतो कीं, मोटार निम्म्या गतीनें चालविली असतां शक्ति केवळ आठवा हिस्सा लागते. हें ऐकून ज्याचें मन लोभावणार नाहीं असा खातेदार विरळा. या विधानांत असत्य कांहीं नाहीं. परंतु तें कोणत्या पाण्यास लागूं पडतें व कोणत्या पाण्यास पडत नाहीं याचा विचार न करतां पैसे मोजले, तर पेटी भिंतीवर शोभेस राहते आणि पिकाची पाळी मात्र चुकते. हा विवेक कसा करावा, व पेटी घेतलीच तर ती कशी सांभाळावी, एवढेंच सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे.

पेटीचें काम

आपल्याकडील वीज दर सेकंदास ५० आवर्तनांची असते. पंपाच्या नेहमीच्या मोटारीचें चुंबकक्षेत्र या विजेवर मिनिटास ३००० फेरे करतें व मोटारीचा दांडा त्याहून किंचित् कमी, म्हणजे सुमारें २८०० ते २९०० फेरे करतो. ड्राइव्हची पेटी ही वीज प्रथम एकदिश करते व तिजपासून पाहिजे तितक्या आवर्तनांची नवी वीज घडवून मोटारीस पुरविते. आवर्तनें ५० चीं ४० केलीं कीं मोटारीची गतिही त्याच प्रमाणांत उतरते.

गति उतरली म्हणजे पंपांत तीन गोष्टी घडतात. पंख्यांतून जाणारें पाणी गतीच्या प्रमाणांत कमी होतें. पाणी उंच फेंकण्याचें सामर्थ्य गतीच्या वर्गाच्या प्रमाणांत घटतें. लागणारी शक्ति गतीच्या घनाच्या प्रमाणांत घटते. म्हणजे गति निम्मी केली तर पाणी निम्में, फेंक चौथा हिस्सा व शक्ति आठवा हिस्सा. विक्रेता यांतील पहिली व तिसरी गोष्ट सांगतो. शेतकऱ्याचें हित मात्र मधल्या गोष्टींत दडलेलें असतें.

मोट व गोफण यांची उपमा घेतली म्हणजे ही मधली गोष्ट चटकन ध्यानांत येईल. मोटेचे बैल सावकाश चालले तरी मोट वर येतेच. वेळ अधिक लागतो, एवढेंच. आपला नेहमीचा पंप मोटेसारखा नाहीं, तो गोफणीसारखा आहे. गोफण जोरानें फिरविली तर धोंडा शेताच्या बांधापलीकडे जातो. हळू फिरविली तर माचणाखालींच पडतो. पंखा हा पाण्याची गोफण होय. तो हळू फिरविला तर पाणी थोडें थोडें वर येईल असें नव्हे. एका मर्यादेच्या खालीं तें मुळींच वर येणार नाहीं.

नियम पूर्णपणें कोठें लागतो

पंपास दोन प्रकारचा अडथळा असतो. एक उभा चढ, म्हणजे पाण्याच्या पातळीपासून जेथें पाणी पडावयाचें त्या जागेपर्यंतची उंची. दुसरा नळीचें घर्षण. उभा चढ गतीनें बदलत नाहीं. विहीर तितकीच खोल राहते. घर्षण मात्र पाण्याचा ओघ निम्मा केला असतां जवळ जवळ चौथ्या हिश्श्यावर येतें. यास्तव जेथें अडथळा सर्वस्वीं घर्षणाचा आहे, तेथेंच आठव्या हिश्श्याचा नियम पुरा लागतो.

असें उत्तम उदाहरण पोहण्याच्या तलावाचें होय. तेथें पाणी तलावांतून निघतें, गाळणींतून जातें व परत त्याच तलावांत येतें. चढ म्हणून कांहीं नाहींच. ज्या शेतकरी बंधूंनीं शेतावर पर्यटकांची सोय करून लहानसा तलाव बांधला आहे, त्यांनीं हा हिशेब पाहावा. १० मीटर लांब, ५ मीटर रुंद व सरासरी १.२ मीटर खोल तलावांत ६०,००० लिटर पाणी मावतें. पंप पूर्ण गतीनें तासास १५,००० लिटर फिरवितो व १.१ किलोवॅट शक्ति घेतो असें धरिलें, तर सारें पाणी एकदां गाळावयास ४ तास व ४.४ युनिट वीज लागेल. तोच पंप निम्म्या गतीनें चालविला तर ८ तास लागतील, परंतु वीज हिशेबानें १.१ युनिटच होईल. मोटारीची व पेटीची स्वतःची तूट धरून प्रत्यक्षांत कांहींसें अधिक लागेल. तरीही बचत निम्म्याहून पुष्कळ जास्त राहील. वाळूची गाळणी उलट्या पाण्यानें धुतांना तेवढी पूर्ण गति द्यावी. अमेरिकेंत घरोघरीं असे तलाव असल्यामुळें तेथें १९ जुलै २०२१ पासून तलावाच्या पंपांस वीजबचतीचें किमान मान कायद्यानें लागूं करण्यांत आलें, व त्यायोगें तेथील बहुतेक मोठे नवे पंप गति बदलणारेच निघूं लागले.

आपल्याकडे दाखविलें जाणारें गणित मूळ अशा फिरत्या पाण्याचें आहे. विहिरीचें पाणी फिरतें नसून चढतें असतें, हा भेद विसरूं नये.

विहिरीवरील दोन हिशेब

आतां दोन शेतकऱ्यांचे पंप कल्पूं. दोन्ही पंप सारखे. व्हॉल्व्ह बंद असतां दोहोंची सर्वाधिक फेंक ४० मीटर, व चालू असतां दोहोंवरचा एकंदर भार ३२ मीटर. बाहेरून पाहणारास दोहोंत कांहीं अंतर दिसणार नाहीं.

पहिल्याची विहीर शेतांतच आहे. उभा चढ २८ मीटर व घर्षण फक्त ४ मीटर. त्यानें गति १० टक्के उतरवून आवर्तनें ४५ वर आणलीं, तर फेंक ४० मीटरची ३२.४ मीटर होते. चढ वजा जातां पाणी ढकलण्यास जोर उरतो तो अवघा ४.४ मीटरचा. परिणामीं पाणी सुमारें ४० टक्के कमी होतें. जें ओलित ५ तासांत उरकत असे त्यास सव्वाआठ तास लागतात. दर लिटरामागें वीज वाचते ती जेमतेम ८ टक्के, व तीही पंपाचा मेळ बिघडल्यानें बहुधा खर्ची पडते. आवर्तनें ४२ च्या खालीं नेलीं तर मोटार फिरत राहील, वीज जळत राहील, पंख्यांतील पाणी तापत राहील आणि दांडांत थेंबही येणार नाहीं.

दुसऱ्यानें नदीवरून अथवा शेततळ्यांतून दूरवर नळी नेली आहे. उभा चढ केवळ ६ मीटर व घर्षण २६ मीटर. यानें १० टक्के गति उतरविली तर पाणी १२ टक्केच कमी होतें व लिटरामागें वीज १८ टक्के वाचते. आवर्तनें ३५ वर आणलीं तर पाणी सुमारें ६३ टक्के येतें, ५ तासांचें काम आठ तासांत होतें, परंतु लिटरामागें वीज जवळ जवळ निम्मी लागते. एकच पेटी पहिल्यास तोट्याची व दुसऱ्यास फायद्याची, याचें कारण पेटींत नाहीं. तें जमिनीच्या चढउतारांत आहे.

तथापि दुसऱ्या शेतकऱ्यासही एक प्रश्न विचारावयास हवा. घर्षण एवढें आहे तर नळीच मोठी कां घालूं नये? ६३ मिलिमीटरच्या जागीं ७५ मिलिमीटरची नळी घातली असतां त्याच ओघास घर्षण निम्म्याहूनही कमी होतें. नळीस ना ऊन बाधतें ना उंदीर, कारण ती एकदां पुरली कीं झाली. नवी नळी टाकावयाचीच असेल त्यानें आधीं नळीचा व्यास वाढवावा व मग पेटीचा विचार करावा.

आपला चढ कसा मोजावा

महसुली कामांत मोजणीवांचून नोंद होत नसे. पंपाच्या बाबतींतही तोच नियम पाळावा. साहित्य थोडकें लागतें: एक दोरी, एक प्रेशर गेज, एक २०० लिटरांचें पिंप व घड्याळ.

प्रथम दोरीनें विहिरींतील पाण्याची पातळी मोजावी, व ती पंप तासभर चालल्यावर मोजावी, कारण उपसा होत असतां पातळी खालीं जाते. पाणी जेथें पडतें ती जागा विहिरीच्या कांठापेक्षां किती उंच आहे तें पाहून त्यांत मिळवावें. हा उभा चढ. मग विहिरीच्या तोंडाशीं, व्हॉल्व्हच्या अलीकडे, गेज बसवावें. गेजावरील दर एक किलो दाब म्हणजे १० मीटर. पंप चालू असतां गेज काय दाखवितें तें लिहून त्यांत गेजापासून पाण्याच्या पातळीपर्यंतचें अंतर मिळविलें कीं एकंदर भार निघतो. त्यांतून उभा चढ वजा केला म्हणजे उरलें तें घर्षण. ठिबक असेल तर तिच्या गाळणीचा व तोट्यांचा दाबही या उरलेल्या भागांतच येतो. शेवटीं व्हॉल्व्ह क्षणभर पूर्ण बंद करून गेज वाचावें व तेंच अंतर मिळवावें. ही पंपाची सर्वाधिक फेंक. व्हॉल्व्ह फार वेळ बंद ठेवूं नये.

उभा चढ सर्वाधिक फेंकीच्या चौथाई असेल तर पाणी २५ आवर्तनांस, निम्मा असेल तर ३५ आवर्तनांस, सात-दशांश असेल तर ४२ आवर्तनांस व आठ-दशांश असेल तर ४५ आवर्तनांस बंद पडतें. ज्यांचा चढ सात-दशांशाच्या वर आहे त्यांनीं वीजबचतीसाठीं पेटी घेऊं नये. ज्यांचा निम्म्याच्या खालीं आहे त्यांनीं अवश्य विचार करावा.

पाण्याचा ओघ पिंपानें मोजावा. २०० लिटरांचें पिंप ४० सेकंदांत भरलें तर ओघ तासास १८,००० लिटर झाला. या नोंदी कार्तिकांत एकदां व वैशाखांत एकदां केल्या म्हणजे दोन वर्षांत आपल्या विहिरीचा स्वभाव कागदावर येतो, व मग कोणा विक्रेत्याच्या बोलण्यावर विसंबण्याचें कारण उरत नाहीं.

वीज वाचली तर पैसा वाचतो काय?

हाही प्रश्न स्पष्ट विचारला पाहिजे. २०२४ च्या जुलैमध्यें महाराष्ट्र शासनानें ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांस एप्रिल २०२४ पासून मार्च २०२९ पर्यंत मोफत वीज देण्याची योजना जाहीर केली. या योजनेखालीं ज्यास बिल येत नाहीं, त्याच्या खिशांत वाचलेल्या युनिटाचा पैसा येत नाहीं. त्यास खरी टंचाई तासांची असते. कृषिवाहिनीवर वीज ठराविक तासच मिळते, आणि गति उतरविणें म्हणजे तास वाढविणें. दिलेल्या तासांत सारें रान भिजत नसेल तर मंद पंप हा लाभ नसून हानि आहे. ज्याचा पंप याहून मोठा आहे, अथवा ज्याची वीज शेतीच्या दराची नाहीं, त्याचाच हिशेब युनिटांवर करावा.

तरीही मोफत वीज असणाऱ्या कांहीं जणांस ही पेटी उपयोगी पडते, तीं कारणें निराळीं आहेत. मोटार एकदम चालू केली असतां ती क्षणभर नेहमीच्या सुमारें सहापट प्रवाह ओढते. डीपी दुबळी असेल तर दाब कोसळतो व शेजाऱ्याचीही मोटार बंद पडते. पेटी मोटारीस हळूहळू गति देते, त्यामुळें हा धक्का बसत नाहीं. बंद करतांनाही ती सावकाश थांबविते, म्हणून लांब नळींत पाण्याचा हिसका बसून सांधे उखडत नाहींत. ज्याच्या ठिबकाचे तुकडे लहानमोठे आहेत, त्यास लहान तुकडा चालू असतां जादा पाणी बायपासनें विहिरींत परत सोडावें लागतें. दाब ओळखणारी पेटी तेथें गति आपोआप उतरवून तोट्यांवरील दाब सारखा ठेवते. ज्या विहिरीस झरा मंद आहे, तिच्यांत मोठा पंप अर्ध्या तासांत पाणी संपवितो. तेथें झऱ्याच्या मानानें गति ठेवली तर धार मंद पण अखंड राहते. मात्र येथेंही वरील चढाची मर्यादा सुटत नाहीं. आणि ज्या विहिरीची पातळी पावसाळ्याअखेर कांठाशीं व उन्हाळ्यांत तळाशीं असते, तिचा उन्हाळ्यासाठीं घेतलेला पंप हिवाळ्यांत गति उतरवून चालविणें शहाणपणाचें होय.

सौरपंप हाही याच जातीचा

कित्येकांस ठाऊक नसतें कीं, त्यांच्या शेतावरील सौरपंप गति बदलणाराच आहे. ऊन जसें वाढतें तशी त्याची पेटी मोटारीची गति वाढविते, व ढग आला कीं उतरविते. सकाळच्या कोंवळ्या उन्हांत मोटार फिरते पण पाणी येत नाहीं, तेव्हां पंप बिघडला असें समजून पुष्कळ जण तक्रार करतात. वस्तुतः तेथें गोफण अद्याप पुरेशी जोरानें फिरत नसते. ज्याचा उभा चढ मोठा, त्याचें सौर पाणी उशिरां सुरू होतें व लौकर थांबतें.

२०२४ मध्यें सुरू झालेल्या ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेंत अडीच एकरांपर्यंत ३, पांच एकरांपर्यंत ५ व त्यावरील जमिनीस ७.५ अश्वशक्तीचा पंप ठरविण्यांत आला, आणि शेतकऱ्याचा हिस्सा सर्वसाधारण वर्गास १० टक्के व अनुसूचित जाति-जमातींस ५ टक्के ठेवण्यांत आला. अर्ज करतांना बहुतेकांचें लक्ष अश्वशक्तीवर असतें. वास्तविक आपल्या विहिरीची उन्हाळी पातळी सांगून तिला पुरेल एवढ्या फेंकीचा पंप मागणें हें अधिक महत्त्वाचें आहे. एकाच अश्वशक्तीचे पंप निरनिराळ्या फेंकीचे असतात. फेंक जास्त तर पाणी कमी, फेंक कमी तर पाणी जास्त. सौर पाणी दुपारीं भरपूर व सकाळसंध्याकाळ थोडें येत असल्यामुळें तें हौदांत किंवा शेततळ्यांत सांठवून मग दारें धरणें सोयीचें पडतें.

पेटीची निगा

जुना स्टार्टर धुळींत, पावसांत, पाली-मुंग्यांच्या सहवासांत वर्षानुवर्षें टिकला. पेटी तितकी सोशिक नाहीं. तिचे मुख्य शत्रु ऊन, धूळ, ओल व उंदीर. तिला पत्र्याखालीं तापत ठेवूं नये. छायेंतील भिंतीवर, जमिनीपासून हातभर तरी उंच व चहूंबाजूंनीं वारा खेळेल अशी बसवावी. तिचा पंखा व जाळी महिन्यांतून एकदां वीज तोडून कोरड्या ब्रशानें झाडावी. तारांचीं भोंकें बंद ठेवावींत, म्हणजे मुंग्या व पाली आंत शिरणार नाहींत.

भुईतार, म्हणजे अर्थिंग, पक्की असावी व उन्हाळ्यांत तिच्या खड्ड्यांत पाणी घालावें. वळीवाच्या दिवसांत आभाळ गडगडूं लागतांच मुख्य स्विच काढून ठेवणें बरें. विहीर खोल व तार लांब असेल, तर पेटीच्या विजेचे झटके मोटारीच्या वेटोळ्यांवरील आवरणास बाधतात. तेथें पेटी व मोटार यांमध्यें योग्य चोक बसवून घ्यावा. पेटी व मोटार यांमध्यें जुना कॅपॅसिटर अथवा स्टार्टर मुळींच राहूं देऊं नये. त्यायोगें पेटी जळते. वीज येतांच मोटार आपोआप चालू करणारा ऑटोस्विच असेल तर तोही पेटीच्या मोटारीकडील बाजूवरून काढावा.

पाणबुडी मोटारीचें बेअरिंग पाण्याच्या पातळ थरावर फिरतें व मोटार भोंवतालच्या वाहत्या पाण्यानें थंड राहते. ती फार मंद फिरविली तर थर तुटतो व मोटार तापते. यास्तव ३० आवर्तनांच्या खालीं ती सहसा चालवूं नये. पुस्तिकेंत मर्यादा याहून वर दिली असेल तर तीच पाळावी. पेटींतील किमान आवर्तनें बसविणाऱ्याकडून आपल्यासमक्ष लावून घ्यावींत, व कोरडी मोटार बंद करण्याची योजना चालू आहे कीं नाहीं तें पाहावें.

एक गोष्ट जिवाची आहे. मुख्य वीज बंद केल्यावरही पेटीच्या पोटांत कांहीं मिनिटें प्राणघातक वीज सांठलेली असते. झांकण उघडण्यापूर्वीं पुस्तिकेंत सांगितला असेल तेवढा वेळ, व निदान दहा मिनिटें, थांबलेंच पाहिजे. सौरपंपाच्या पेटीस ऊन असेतों वीज येतच असते, म्हणून तेथें पट्ट्यांकडील स्विच आधीं काढावा. हें काम घरच्या मुलांस किंवा गड्यास सांगूं नये.

खरेदीच्या वेळीं काय विचारावें

विक्रेत्यास वीज किती वाचेल असें न विचारतां आपला उभा चढ, घर्षण व ओघ हे तीन आंकडे त्याच्यापुढें ठेवावे, आणि या आंकड्यांवर किती आवर्तनांस किती पाणी येईल तें लिहून मागावें. जो लिहून देईल त्याच्याशीं पुढें बोलावें. दुरुस्तीचा माणूस तालुक्याच्या गांवीं आहे कीं नाहीं, ऐन हंगामांत पेटी बिघडली तर ती वगळून मोटार थेट विजेवर चालविण्याची सोय ठेवली आहे कीं नाहीं, हींही दोन उत्तरें पैसे देण्यापूर्वीं घ्यावींत. उसाची वा द्राक्षाची पाळी पेटीच्या दुरुस्तीसाठीं आठवडाभर थांबूं शकत नाहीं.

सारांश, पाणी जेथें लांब जातें तेथें गति उतरविल्यानें लाभ होतो. पाणी जेथें उंच चढतें तेथें होत नाहीं. आपलें पाणी यांपैकीं कोणतें हें दोरी व गेज अर्ध्या दिवसांत सांगतात. तेवढा अर्धा दिवस प्रत्येकानें वैशाखांत, पाणी तळाशीं असतां, अवश्य काढावा.